निळ्या झाकणाचा डबा

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिला साखरेचा आजार होता, त्यातच मूत्रपिंडं गेली, आणि शेवटचे काही महिने ती बहुतेक अंथरुणातच होती. तिची इन्सुलिनची इंजेक्शनं फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या एका डब्यात असायची. त्या डब्याला आम्हा दोघांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. ती गेल्यावरही तो नियम कोणी मोडला नव्हता. म्हणूनच मी माझी इंजेक्शनं त्यात लपवली.

मला साखरेचा आजार नव्हता. माझी इंजेक्शनं ताकदीची होती. अडुसष्टाव्या वर्षी, बायको जाऊन दोन महिने झाले असताना, मी ती घ्यायला लागलो.

मी शटरवाला. दुकानांची लोखंडी शटरं बसवायची, बिघडली की नीट करायची, हेच काम आयुष्यभर केलं. शटरच्या वरच्या नळीत स्प्रिंग असते. सळईने पीळ देऊन तिच्यात ताण भरला की एवढं जड शटर पोरंसुद्धा वर ढकलतात. पीळ देताना मात्र सगळा जोर खांद्यातून लागतो. तो माझ्यात होता. लग्नानंतर नवं कपाट घेतलं तेव्हा ते एकट्याने पाठीवर घेऊन मी जिने चढलो होतो, आणि बायको मागून म्हणत होती, "अहो, कपाट आपलंच आहे, पळून नाही जाणार. दम घ्या जरा."

शेवटच्या महिन्यांत ती एकदा न्हाणीघरात खाली बसली ती उठेचना. मी तिच्या काखेत हात घातले, उचलली, आणि अर्ध्यातूनच परत खाली टेकवली. पुन्हा प्रयत्न केला तर तेवढीही उचलली गेली नाही. ती ओली होती, कुडकुडत होती, अंगावर काही नव्हतं. आणि तिचं वजन म्हणावं तर काही उरलंच नव्हतं. तेच मला जास्त लागलं. शेवटी तीच म्हणाली, समोरच्या ट्रकवाल्या भाऊजींना बोलवा.

आमच्या समोरच्या दारात राहणारा हा माणूस ट्रक चालवतो. माझ्याहून बराच लहान, अंगाने आडवातिडवा. मी बायकोवर टॉवेल टाकला आणि त्याला घेऊन आलो. ती त्याला म्हणाली, "भाऊजी, डोळे मिटून उचला." त्याने खरंच डोळे मिटले. तिला अलगद उचललं, आणि बाहेर पडताना चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. तशा अवस्थेतही ती हसली. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुमच्या भरवशावर राहिले असते तर आपण दोघंही पुढच्या रविवारपर्यंत तिथेच बसलो असतो." मला बरं वाटावं म्हणून बोलली ती. मी हसलोसुद्धा. पण त्यानंतर जिन्यात तो समोरून आला की मी खिशात किल्ल्या शोधायला लागायचो.

पुढे त्याला आणखी काही वेळा बोलवावं लागलं. बोलवायला मीच जायचो.

ती गेली, आणि काही दिवसांनी मी कामावर परतलो. बाजारातल्या एका दवाखान्याचं शटर अर्ध्यात अडकलं होतं. नवाच दवाखाना, बाहेर पाटी होती की इथे वय थांबवून मिळतं. पीळ देताना सळई माझ्या हातातून निसटली आणि कानाजवळून गेली. दवाखान्याचा डॉक्टर दारातच उभा होता. तरुण, दंडावर घट्ट बसणारा शर्ट घातलेला. त्याने मला आत नेलं, चहा पाजला, झोप लागते का विचारलं. लागत नव्हती. दम लागतो का विचारलं. तो लागत होता. मग त्याने माझं रक्त घेतलं, आणि त्याच आठवड्यात बोलावून एक कागद पुढे ठेवला. त्यावर एका आकड्याशेजारी खाली तोंड केलेला लाल बाण होता.

तो म्हणाला, काका, शरीरात वाढीचं हार्मोन असतं. लहानपणी त्याने उंची वाढते, मोठेपणी तेच स्नायू राखतं. वय झालं की ते आटत जातं, आणि तुमचं तर पार तळाला गेलंय. "टाकी रिकामी झाली म्हणून कोणी गाडी भंगारात देतं का? भरायची, आणि निघायचं."

ताकद कशासाठी हवी, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, कामासाठी. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे ते न्हाणीघर होतं. जिला उचलायचं होतं ती राहिली नव्हती, आणि मी ताकद विकत घ्यायला निघालो होतो. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही घेतली.

टोचायचं शिकवावं लागलं नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून बायकोला मीच टोचायचो. प्रश्न ठेवायचा होता. ही इंजेक्शनंही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, आणि मुलगी दर रविवारी येऊन फ्रिज आवरते. ती पोस्टात नोकरी करते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिला कळलं असतं तर काय सांगणार होतो? मग मला निळा डबा दिसला. माझ्या कुप्याही तिच्या कुप्यांसारख्याच होत्या, पेनात बसणाऱ्या, काचेच्या. मोठ्या अक्षरांचं खोकं फेकून दिलं की कुपीवर नुसतं बारीक छापलेलं उरतं, ते भिंगाशिवाय वाचता येत नाही. डब्यात जागा मात्र नव्हती. बायकोच्या उरलेल्या कुप्या मी वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

सुरुवातीला फरक पडला, खोटं कशाला सांगू. पोट उतरलं. पट्टा आतल्या भोकात जायला लागला. लोक म्हणायला लागले, सावरलात बरं का. अंघोळ झाल्यावर मी आरशापुढे थोडा जास्त वेळ उभा राहायला लागलो. तिची साडी अजून दाराच्या मागे खुंटीवर होती, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून स्वतःचा दंड बघायचो.

त्याच सुमारास मुलीने पहिल्यांदा तो डबा उघडला. हातातलं फडकं तसंच राहिलं. "बाबा, तुम्ही अजून ठेवलीत?" तिने विचारलं.

मी "हो" म्हणालो. एवढंच. तिने डबा जपून परत जागेवर ठेवला, येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या दिवशी माझ्यासाठी आठवडाभराचं जेवण करून गेली.

नंतर माझी बोटं सुजायला लागली. पाय जड झाले, चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. मुलगी म्हणाली, एकटे असलात की रडत असता ना? चेहरा बघा कसा सुजलाय. मी मान खाली घातली, आणि तिने तो होकार समजला. हातांना मुंग्या यायच्या. काम करताना पाना धरलाय की सुटलाय हे बघून ठरवावं लागायचं. तहानही सारखी लागायची. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, शरीर सवय करून घेतंय, थोडा धीर धरा. मी धीर धरला. दंड दिसत होता ना.

आणि एका रविवारी मी दिवाणखान्यात बसलो असताना स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. वाटलं, ती फोनवर असेल. पण ती फ्रिजचं दार उघडं ठेवून उभी होती आणि हळू आवाजात सांगत होती, आई, मी नोकरीत बदली मागितलीय, इकडे जवळ येते, बाबांना सोडवत नाही गं. मी उठून गॅलरीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घालत बसलो. सकाळीच घातलेलं होतं.

यानंतर तरी सांगायला हवं होतं. दर रविवारी मी ठरवायचो की आज सांगायचं. पण दिवस जातील तसं सांगणं अवघड होत गेलं. आधी फक्त इंजेक्शनांबद्दल सांगायचं होतं. आता तिच्या बोलण्याबद्दलही सांगावं लागलं असतं.

मग तो सुट्टीचा दिवस आला. बाजार बंद होता. दुपारी मी एका दुकानदाराचं कुलूप अडकलं म्हणून जाऊन परत आलो, तर मुलगी पानं वाढत होती. मला म्हणाली, समोरच्या काकू आल्या होत्या, म्हणजे ट्रकवाल्याची बायको, माझ्या वहिनी. त्यांचं इन्सुलिन संपलंय, आणि आज एकही औषधाचं दुकान उघडं नाही.

"मी आईच्यातलं एक दिलं," ती म्हणाली. "एकच. बाकीची तुमच्यासाठी ठेवलीत. त्या काकांनी आईसाठी इतकी धावपळ केलीय, आईला आवडलंच असतं."

मी चपला न घालता समोर गेलो.

दार उघडंच होतं. ट्रकवाला जेवायला बसला होता. वहिनी खुर्चीवर बसून पेनात कुपी घालत होत्या, चष्मा डोक्यावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या. मी जाऊन त्यांच्या हातातून पेन काढूनच घेतलं. त्या दचकल्या. मी म्हणालो, हे घेऊ नका, हे इन्सुलिन नाही.

"मग काय आहे?" ट्रकवाला हसत म्हणाला. "अमृत आहे का? असेल तर मलाही द्या थोडं."

वहिनी म्हणाल्या, अहो, पण पोरगी म्हणाली आईचं आहे. माझ्या मागे मुलगी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात वाढायचा डाव तसाच होता.

त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो. जुनं झालंय, खराब झालंय, म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग वहिनींनी डब्यात उरलेल्यांतलं दुसरं मागितलं असतं. ते टोचून त्या जेवल्या असत्या तर साखर चढतच गेली असती, आणि औषध घेतलंय या समजुतीत कोणी तिकडे बघितलंही नसतं.

"माझं आहे," मी म्हणालो. "ताकदीचं. वाढीचं हार्मोन म्हणतात. तिच्या डब्यात मी ठेवलं होतं."

वहिनींना पटकन अर्थ लागला नाही. मग त्या म्हणाल्या, "काय भाऊजी, या वयात? लग्नबिग्न करताय की काय?" त्यांचा स्वभावच चेष्टेचा. पण कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

ट्रकवाला माझ्या दंडांकडे बघत होता. ताकदीचं म्हटल्यावर त्याला बहुधा न्हाणीघर आठवलं. त्याने नजर ताटात वळवली. तो काही टोचून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो उठला, हात धुतला, वहिनींना म्हणाला, चल, मोठ्या हॉस्पिटलच्या आतलं दुकान उघडं असतं, तिथून आणू. जाताना त्याने माझ्या खांद्याला हात लावला. मी आजही त्या हाताचा विचार करतो.

घरी येऊन मुलीने डबा पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मला सरकारी रुग्णालयात हार्मोनच्या विभागात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरबाई केस पांढरे झालेल्या, निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांनी कुप्या बघितल्या, माझी बोटं दाबून बघितली, रक्ताचा जुना कागद वाचला. मग विचारलं, हा बाण कोणी मारला? मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, हा आकडा पंचवीस वर्षांच्या मुलाशी लावून बघितलाय. तुमच्या वयाच्या माणसाशी लावला तर तो ठीक आहे. म्हणजे मुळात मला काही झालंच नव्हतं.

मी वेड्यासारखा विचारत राहिलो, आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यातून हे हार्मोन निघतं. ते नळासारखं सतत वाहत नाही, मधून मधून सुटतं. सगळ्यात मोठा लोट येतो तो रात्री, पहिली गाढ झोप लागली की. ते कधी सोडायचं आणि कधी रोखायचं याचे हुकूम मेंदूतून येतात. एक हुकूम सोड म्हणतो, दुसरा थांब म्हणतो. वय वाढलं की गाढ झोप कमी होते, सोड म्हणणारा आवाज बारीक होतो आणि थांब म्हणणारा वरचढ होतो. ग्रंथी मोडलेली नसते. तिला हुकूमच कमी येतात. पोटावरची चरबीही ते आणखी दाबते. या हार्मोनमुळे यकृतात आणखी एक द्रव्य तयार होतं, कागदावरचा आकडा त्याचाच होता. ते रक्तात पुरेसं झालं की वर निरोप जातो, पुरे झालं.

"बाहेरून टोचलंत की वर तोच निरोप जातो," त्या म्हणाल्या. "मग तुमचं होतं नव्हतं तेही बंद."

सूज, मुंग्या, तहान सगळं त्या इंजेक्शनांचं होतं. साखरही वाढलेली निघाली. जुन्या शटरची स्प्रिंग सैल झाली की गिऱ्हाईक म्हणतं, आणखी पीळ द्या, नव्यासारखं करा. मी त्यांना रागावतो. अहो, पट्ट्याही तेवढ्याच जुन्या आहेत, जास्त ताण भरलात तर उचकटून येतील. हे आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि स्वतःच्या अंगाच्या वेळी त्या गिऱ्हाइकाहून मूर्ख निघालो.

मला एकच विचारायचं होतं. मुलीसमोर विचारायचं नव्हतं, पण ती उठेना. मग विचारलं. "बाई, हे मी आधी घेतलं असतं, वर्षभरापूर्वी, तर माणूस उचलता आला असता का? हलकाच माणूस."

त्यांनी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, नाही. म्हाताऱ्या माणसांना हे देऊन बघितलंय. चरबी घटते, अंग भरल्यासारखं दिसतं. जोर वाढत नाही. आजारी माणसाच्या उशाशी जागरणं करून तुमची गाढ झोप गेली होती, ती परत आणा. चाला, थोडं वजन उचला, हळूहळू. या वयात मिळायचं ते त्यातूनच मिळतं.

मुलीने तेव्हाच पहिल्यांदा तोंड फिरवलं. न्हाणीघराचं तिला माहीत नव्हतं. तिच्या आईने तिला सांगू दिलं नव्हतं.

बाहेर येऊन आम्ही बसच्या थांब्यावर उभे राहिलो. डबा रिकामा होऊन तिच्या पिशवीत होता, कुप्या बाईंनी ठेवून घेतल्या होत्या. मला वाटलं, ती आता माझ्याबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "मग आईची कुठे आहेत?"

या प्रश्नाची मी कित्येक महिने वाट बघत होतो.

"टाकली," मी म्हणालो. "जागा करायला."

"कधी?"

"तू पहिल्यांदा डबा बघितलास त्याच्या आधी."

तिने रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, मी त्या डब्याशी बोलायचे, बाबा. तुम्हाला माहीत नाही. वेड्यासारखी बोलायचे.

मी गप्प राहिलो असतो तर ते तिथेच संपलं असतं. तिला वाटलं असतं, बाबांना माहीत नव्हतं. पण तसलं गप्प राहणं मी बरेच महिने केलं होतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "ऐकलं होतं मी. बदलीचं."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझे सुजलेले हात कुठे ठेवावेत कळेना. तेवढ्यात बस आली. ती पुढे होऊन चढली आणि खिडकीजवळ जाऊन बसली. शेजारची जागा मोकळी होती. तिथे बसायचा मला धीर झाला नाही. मी मागे दांडा धरून उभा राहिलो, मूठ नीट वळत नव्हती म्हणून मनगट अडकवून. लोकांना वाटलं असेल, एक म्हातारा एकटाच चाललाय.

कंडक्टर तिच्याजवळ आला. किती, त्याने विचारलं.

ती खिडकीबाहेरच बघत होती. "दोन," ती म्हणाली.